पाटीवरचे नाव

पर्युषणाला पंधरा दिवस राहिले होते. नगरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला वर्गात एक साधे काम मिळाले. ‘मी, माझे कुटुंब आणि माझे ध्येय’ या विषयावर दोन पाने लिहायची होती. पुढे नोकरीच्या मुलाखतींना जाताना विद्यार्थ्यांना स्वतःविषयी चार वाक्ये नीट बोलता यावीत, एवढाच शिक्षकांचा हेतू. वर्गातील बहुतेकांनी ते काम अर्ध्या तासात उरकले. ही मुलगी मात्र पहिल्याच ओळीवर अडली. तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्या समाजात आज प्रत्येक बाजारपेठेत अशी एखादी मुलगी आहेच.

ती अडली ती गावाच्या नावापाशी. तिच्या जन्मदाखल्यावर अहमदनगर लिहिलेले होते. सन २०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. घरी आणि बाजारात सगळे नुसते नगर म्हणत. यांतले आपले गाव कोणते? बरे, दादीला विचारावे, तर ती मारवाडातल्या एका खेड्याचे नाव सांगे. ते खेडे घरातल्या हयात माणसांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते. भाषेचेही तसेच. दादीशी बोलताना मारवाडी, गिऱ्हाइकांशी मराठी, स्थानकात प्रवचन हिंदीत, प्रतिक्रमणाचे पाठ अर्धमागधीत आणि महाविद्यालयात इंग्रजी. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती पाच भाषांतून जात असे आणि कोणत्याही भाषेत तिला परके वाटत नसे. पण ‘मी कोण’ हे एका भाषेत, दोन पानांत लिहायचे म्हटले, की शब्द पुढे सरकेना.

तिने कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि ती खाली दुकानात आली.

कापड बाजारातले ते दुकान तिच्या पणजोबांनी सुरू केलेले. खाली दुकान, वर घर. दर्शनी पाटीवर पणजोबांचे नाव आणि त्यापुढे ‘अँड सन्स’ हे दोन शब्द. गादीवर वडील बसत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची गिऱ्हाइके पिढ्यान्‌पिढ्यांची. लग्नाचा बस्ता बांधायचा, तर तो याच गादीवर, हा पुष्कळ घरांचा रिवाज. मुलीचा मोठा भाऊ अभियंता होऊन पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला होता. त्याने तेथे सदनिका घेतली, त्याचे लग्न झाले आणि तो परत येणार नाही, हे कोणी न बोलता सर्वांना कळले होते. तयार कपड्यांच्या एका कंपनीला बाजारातली मोक्याची जागा हवी होती. भाड्याचा जो आकडा तिने सांगितला, तो दुकानाच्या महिन्याच्या निव्वळ नफ्याहून थोडा अधिकच होता. वडिलांनी कंपनीकडून दिवाळी पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली होती.

“पाडव्यानंतर मी मोकळा,” असे ते जेवताना एकदा म्हणाले. हसून म्हणाले, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

मुलीने तोंड उघडले नाही. तिच्या मनात जे होते, ते अजून तिचे तिलाच नीट उमगले नव्हते. तिला ते दुकान हवे होते.

* * *

त्या वर्षी स्थानकात महासतीजींचा चातुर्मास होता. दादीला जिना उतरायला हात लागे, म्हणून मुलगी रोज सकाळी तिच्यासोबत प्रवचनाला जाई. एका सकाळी उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा निघाली. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांपैकी पहिला. त्याच्या संपत्तीचा हिशेब सूत्रात दिलेला आहे: चार कोटी सुवर्णमुद्रा निधी म्हणून ठेवलेल्या, चार कोटी व्यापारात गुंतवलेल्या, चार कोटी घरसंसाराच्या वैभवात, आणि दहा दहा हजार गायींची चार गोकुळे. भगवंतांचा उपदेश ऐकल्यावर आनंदाने घर सोडले नाही; व्यापारही सोडला नाही. त्याने बारा व्रते घेतली आणि जे आहे त्यापुढे वाढवायचे नाही, अशी मर्यादा आखली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीचे कान टवकारले गेले ते त्या तीन समान वाट्यांपाशी. गंगाजळी, खेळते भांडवल आणि घरखर्च यांची मिसळ होऊ द्यायची नाही, हे तिने पाठ्यपुस्तकात वाचले होते. तिच्या घरच्या दुकानात नेमकी तीच मिसळ झालेली होती, हेही तिला ठाऊक होते. भावाच्या शिक्षणाचे पैसे गल्ल्यातून गेले, घराची दुरुस्ती गल्ल्यातून झाली, आणि मग माल उधारीवर आणावा लागला.

परंतु महासतीजी ज्यावर थांबल्या, ते वाक्य निराळे होते. व्रते घेऊन आनंद घरी आला आणि त्याने पत्नी शिवानंदेला ते सांगितले. तेव्हा शिवानंदा स्वतः रथातून भगवंतांकडे गेली, स्वतः उपदेश ऐकला आणि तिने स्वतःची बारा व्रते स्वतंत्रपणे घेतली. नवऱ्याच्या व्रतात तिचे व्रत जमा धरले गेले नाही. “कर्माच्या खात्यात संयुक्त खाते नसते,” असे महासतीजी म्हणाल्या तेव्हा बायकांमध्ये हसू पसरले. मुलगी मात्र घरी येईपर्यंत गप्प होती.

दुपारी तिने दादीला विचारले, “दादी, तुला लहानपणी कोणी विचारले होते का, तुला काय व्हायचे आहे ते?”

दादी म्हणाली, “आम्हाला कोण विचारणार! चौथी झाली, शाळा सुटली. पण पाथर्डी बोर्डाची परीक्षा मी दिली हं. वडिलांनी सांगितले म्हणून नव्हे. आनंदऋषीजी महाराजसाहेबांनी व्याख्यानात म्हटले, मुलींनीही शिकावे, म्हणून मीच हट्ट धरला.”

ट्रंकेतून तिने ते पिवळे पडलेले प्रमाणपत्र काढून दाखवले. नातीने ते पूर्वी कधी पाहिलेले नव्हते.

आनंदऋषीजींचे चरित्र नगर जिल्ह्यातील प्रत्येक जैन घरात सांगितले जाते. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीला सन १९०० मध्ये त्यांचा जन्म झाला. नाव नेमीचंद. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई हुलासाबाईंनी वाढवले. सन १९१३ मध्ये मिरी येथे रत्नऋषीजी महाराजांकडे त्यांची दीक्षा झाली, तेव्हा वय अवघे तेरा. पुढे त्यांच्या प्रेरणेने पाथर्डीत धार्मिक शिक्षणाचे परीक्षा बोर्ड उभे राहिले, श्रमण संघाचे आचार्यपद त्यांच्याकडे आले आणि सन १९९२ मध्ये नगरलाच त्यांनी देह ठेवला. हे सारे मुलीला पाठ होते. त्या दुपारी तिला त्यात एक नवी गोष्ट दिसली. दीक्षा घेणाऱ्याला घरच्यांची आज्ञा मिळाल्यावाचून दीक्षा देत नाहीत. म्हणजे एका विधवा आईने आपल्या आधाराला, आपल्या मुलाला, स्वतःच्या तोंडाने ‘जा’ म्हटले. चरित्र मुलाचे लिहिले गेले; त्या ‘जा’ म्हणणाऱ्या आईच्या रात्री कोणी लिहिल्या नाहीत.

भगवान महावीरांच्या चरित्रातही हीच गाठ आहे. श्वेतांबर परंपरा सांगते, की आई-वडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, असा संकल्प त्यांनी गर्भातच केला होता. आई-वडिलांनंतरही मोठे बंधू नंदिवर्धन यांच्या आग्रहावरून ते आणखी दोन वर्षे घरी राहिले. ज्याला साऱ्या बंधनांतून मुक्त व्हायचे होते, त्याने घरच्यांचे मन मोडून पाऊल उचलले नाही, आणि घरच्यांनीही त्याला कायमचे अडवून ठेवले नाही. तरुणांना यातला पहिला भाग नेहमी ऐकवला जातो. दुसरा भाग वडीलधाऱ्यांसाठी आहे.

* * *

मुलीचे उरलेले काम ग्रंथालयात झाले. आपल्या गावाविषयी आणि आपल्या समाजाविषयी काही वाचावे म्हणून ती जुन्या पुस्तकांकडे वळली आणि पहिल्याच दिवशी तिच्या हाती जे लागले, त्याने ती अस्वस्थ झाली.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. लोण लवकरच नगर जिल्ह्यात पोहोचले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता, सरकारने जमिनीचा सारा वाढवला होता आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. जमावाला रक्त नको होते. त्याला खतपत्रे हवी होती. जेथे कर्जरोखे मिळाले तेथे ते जाळले गेले, जेथे सावकाराने ते दिले तेथे बहुधा त्याला हात लागला नाही. हे सावकार मुख्यतः मारवाडी आणि गुजराती होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पुस्तकात ‘मारवाडी’ हा शब्द पानोपानी येत होता आणि प्रत्येक वेळी तो ‘बाहेरचा’ या अर्थाने येत होता.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना विचारले, “पप्पा, आपल्या घरी तेव्हा सावकारी होती का?”

वडील तागा गुंडाळत होते. ते थोडा वेळ थांबले. “असेलही. त्या काळच्या वह्या आपल्याकडे नाहीत. माझ्या आजोबांच्या आहेत.” मग त्यांनी माळ्यावरून लाल कापडाचे एक बासन उतरवले. त्यात रोजमेळ होते, खतावण्या होत्या. मोडी वळणाचे जुने अक्षर मुलीला लागेना. एका वहीत मात्र बाळबोध अक्षर होते. साल १९७२. महाराष्ट्रावरचा तो भीषण दुष्काळ. माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली होती. त्या वहीत कित्येक खात्यांवर आडवी रेघ मारलेली होती आणि रेघेखाली एकच शब्द होता: ‘सोडले’.

“आजोबा काही दानशूर नव्हते,” वडील म्हणाले. “हिशेबी माणूस. ते म्हणत, यंदा ज्याला अडवू, तो पुढल्या वर्षी दुकानाची पायरी चढणार नाही. त्यांतल्या बहुतेक घरांचे बस्ते अजून आपल्याकडे बांधले जातात.”

१८७५ चे पान आणि १९७२ चे पान, दोन्ही एकाच व्यापाराची. कर्जाची वही जाळावीशी वाटणे आणि त्याच वहीच्या धन्याकडे तीन पिढ्या येत राहणे, या दोहोंमध्ये काय घडते, हा प्रश्न मुलीच्या मनात रुतून बसला. आपण कोठून आलो, हे कळून घेण्याची तिची उत्सुकता आता कमी झाली होती. या गावात आपण कसे वागलो आणि कसे वागणार, यातच आपली ओळख आहे, असे तिला वाटू लागले. आचारांग सूत्राचा आरंभ अशाच प्रश्नाने होतो: मी कोणत्या दिशेने आलो, पूर्वी मी कोण होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सूत्र पुढे लगेच कर्माकडे वळते. उत्तर वंशावळीत शोधायचे नाही, वागणुकीत शोधायचे आहे, हा त्याचा रोख.

* * *

ध्येयाचे पान लिहिताना समोर कोणी आदर्श असावा, असे शिक्षकांनी सांगितले होते. नगरच्या मुलांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. फिरोदिया घराण्याचे नाव गावातल्या शाळेवर आहे.

कुंदनमल शोभाचंद फिरोदिया यांचा जन्म १८८५ चा, म्हणजे ज्या वर्षी सावकारांच्या वह्या जळल्या, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी. ते वकील झाले आणि त्यांनी वकिली नगरला केली. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते उतरले, लोकांनी त्यांना विधिमंडळात पाठवले आणि १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. ज्या समाजाला हा जिल्हा एकेकाळी बाहेरचा मानत होता, त्यातल्या माणसाला याच जिल्ह्याने आपले प्रतिनिधित्व दिले. त्यांचे पुत्र नवलमल वकिलीकडून उद्योगाकडे वळले. माणसाने माणसाला ओढू नये, या विचाराने ऑटोरिक्षा भारतीय रस्त्यावर आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. दुसरे पुत्र हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली. तिचा कारखाना नगरला, दौंड रस्त्यावर. १९७२ मध्ये, म्हणजे त्याच दुष्काळाच्या साली, लूना बाजारात आली. हस्तीमलांचे पुत्र अरुण फिरोदिया मुंबईच्या आयआयटीतून आणि अमेरिकेतील एमआयटीतून शिकून परत आले होते; लूना घडवण्यात त्यांचा वाटा मोठा. आणि अरुण यांची कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी अमेरिकेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन घरच्या उद्योगात आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी लूना रस्त्यावर आणली. आजोबांच्या गाडीला नातीने अर्ध्या शतकानंतर नवे इंजिन दिले.

मुलीने हे सगळे टिपून घेतले, तेव्हा तिला त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. त्या घरात प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीहून वेगळे काम केले, तरी कोणी घर सोडले असे झाले नाही. आणि शेवटच्या पिढीत घरचे काम पुढे नेण्यासाठी मुलगी पुढे आली, तिचे लग्न झाले, आडनावाला आणखी एक आडनाव जोडले गेले, तरी काम थांबले नाही. त्याचबरोबर तिला फरकही कळत होता. तेथे कारखाने होते. येथे एक दुकान, दोन म्हातारे नोकर आणि उधारीची वही. मोठ्या घरांचे दाखले लहान घरांना जसेच्या तसे बसत नाहीत. त्यांचा उपयोग एवढाच, की ‘असे होत नाही’ हे वाक्य कोणी उच्चारले, तर ‘झालेले आहे’ असे उत्तर देता येते.

कायद्याच्या तासाला ती आणखी एक गोष्ट शिकली होती. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, तो हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. वाटा मागायचा तिचा विचार नव्हता. तिला दुकान चालवायचे होते. कायदा हिस्सा देतो. गादीवर बसायला लागणारा विश्वास कायद्याने मिळत नाही, हे ती जाणून होती. म्हणून भाषणाऐवजी तिने हिशेब केला.

तीन वर्षांच्या पावत्या घेऊन ती पर्युषणानंतर महिनाभर रात्री बसली. कोणता माल किती दिवसांत जातो, हे तिने कप्प्याकप्प्याने काढले. सुरतेच्या साड्यांत निम्मे भांडवल अडकलेले होते आणि त्यांतल्या कित्येक साड्या दोन दोन दिवाळ्या पाहून झाल्या होत्या. शाळेचे गणवेश आणि लग्नाचे बस्ते हे दोनच व्यवहार दुकान तगवून होते. उधारी बहुतेक ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची. ती दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, उन्हाळ्यात परततात, हाती पैसा येतो तेव्हा लग्ने काढतात आणि मागचे देणे फेडून नवे कापड नेतात. ही उधारी वर्षभर थकलेली दिसे. खरे तर तिला एक हंगाम होता आणि बुडालेली रक्कम थोडी होती. पडून राहिलेला माल मिळेल त्या भावाने काढावा, गणवेशाच्या मापांची आगाऊ नोंद घ्यावी, घरखर्च गल्ल्यातून न घेता ठरावीक रकमेने घ्यावा, म्हणजे दोन वर्षांत नफा भाड्याच्या बरोबरीला येईल, असे तिचे गणित सांगत होते. त्याहून अधिक ते काही सांगत नव्हते, आणि तिने ओढूनताणून सांगायला लावले नाही.

* * *

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री तिने ते कागद वडिलांपुढे ठेवले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ दिवाळीसाठी आलेला होता.

वडिलांनी सारे कागद शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, “सीए कर म्हणून सगळे सांगताहेत तुला. आर्टिकलशिपची दोन वर्षे गेली, की चांगल्या ठिकाणी लागशील. इथे काय आहे, बेटा? मी तुझ्या भावाला याच त्रासातून सोडवले.”

“पप्पा, आर्टिकलशिप आणि गादी एका वेळी होणार नाही, हे मला माहीत आहे. मी विचार करून आधी गादी मागते आहे.”

आई म्हणाली, “आणि लग्न? दोन वर्षांनी दुसऱ्या घरी गेलीस म्हणजे? दुकान काय हुंड्यात न्यायचे आहे?”

हा प्रश्न खोटा नव्हता. दुकान सांभाळणाऱ्या मुलांना शिकलेल्या मुली नकार देतात, ही आपल्या समाजातील आजची मोठी चिंता आहे. तालुक्याच्या गावी तिशी उलटलेली, चांगल्या घरची, चांगल्या चालीची मुले बसून आहेत. आणि येथे एक शिकलेली मुलगी दुकानच मागत होती. तिला स्थळ कोणते येणार?

“जे स्थळ येईल, त्याला पहिल्या भेटीत हेच सांगायचे, मम्मी. नगरमध्ये किंवा नगरच्या जवळपास राहायला तयार असेल, त्याच्याशीच पुढे बोलायचे. स्थळे कमी येतील. पण ज्याला हे चालणार नाही, त्याच्या घरी मीही नीट नांदणार नाही.”

भाऊ आतापर्यंत ऐकत होता. तो म्हणाला, “पप्पा, तुम्ही मला कधी विचारले नाहीत, मला दुकान हवे का म्हणून. तुम्ही ठरवले, की मला नको. कदाचित मी नकोच म्हणालो असतो. पण विचारले नाही. हिला तरी विचारा.”

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वडिलांना मुलाच्या बोलण्याचा राग आला नव्हता. ज्या त्यागाचा त्यांना अभिमान होता, तो मुलाला न विचारता केलेला होता, हे त्यांना प्रथमच कळत होते.

दादी जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिने डोळे न उघडताच सांगितले, “गौतमस्वामींना केवलज्ञान कधी झाले? भगवंतांचे निर्वाण झाले त्या रात्रीच्या पहाटे. भगवंतांवरचा रागच आड येत होता. चांगल्या माणसावरचा राग होता, तरी आड आला.” एवढे बोलून ती पुन्हा माळ ओढू लागली. तेथे ‘राग’ म्हणजे माया, हे त्या घरात कोणाला सांगावे लागले नाही. सुटका फक्त धाकट्यांचीच व्हायची असते असे नाही. मोठ्यांनाही आपल्या मायेच्या पकडीतून सुटावे लागते.

वडिलांनी त्या रात्री होकार दिला नाही. पाडव्याला वहीपूजन झाले. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले गेले, भगवान महावीरांचे आणि गौतमस्वामींचे स्मरण झाले. पहिली नोंद दरवर्षी वडील लिहीत. यंदा त्यांनी लेखणी मुलीपुढे धरली.

“पुढल्या पाडव्यापर्यंत,” ते म्हणाले. “कंपनीला मी नाही कळवतो. एक वर्ष गादी तुझी. मी शेजारी बसेन. वर्षअखेर हिशेब मांडायचा, आणि आकडा जे सांगेल ते दोघांनी मुकाट ऐकायचे. मंजूर?”

“मंजूर.”

“आणि पाटीचे आता काही बोलू नकोस,” असे म्हणून ते हसले. “पाटी नंतर बघू.”

मुलीने पाटीविषयी अवाक्षरही काढलेले नव्हते. तो विचार वडिलांच्याच मनात आला होता, याचा तिला फार आनंद झाला.

महाविद्यालयातला तो कागद सुट्टीनंतर उशिराच दिला गेला. ‘मी’ या मथळ्याखाली तिने गावाची तिन्ही नावे लिहिली आणि तिन्ही ठेवली. ‘माझे कुटुंब’ या मथळ्याखाली पाथर्डी बोर्डाची परीक्षा देणाऱ्या दादीपासून आरंभ केला. ‘माझे ध्येय’ याखाली मात्र तीनच ओळी होत्या: दुकान एक वर्ष नीट चालवणे, घरखर्च आणि भांडवल वेगळे ठेवणे, आणि वर्षाच्या शेवटी निघेल तो आकडा न लपवता वडिलांना दाखवणे. दोन पाने भरली नाहीत.

भाऊबीज झाली आणि दुकान नेहमीप्रमाणे उघडले. पहिल्याच दिवशी पाथर्डीकडचे एक कुटुंब आले. ट्रॅक्टर दुपारी निघणार होता. कारखान्यावर जाण्यापूर्वी मुलांना गरम कपडे आणि दोन चादरी हव्या होत्या. पैसे उन्हाळ्यात. मुलीने माल दाखवला, भाव सांगितला आणि वहीत नोंद केली. मग वही फिरवून त्या बाईपुढे धरली. ती म्हणाली, “मला वाचता येत नाही, ताई.”

तेव्हा मुलीने प्रत्येक वस्तू, तिचा भाव आणि खालची बेरीज मोठ्याने, सावकाश वाचून दाखवली. बाईने बोटांवर मोजून मान डोलावली. शेजारी बसलेले वडील काही बोलले नाहीत. दुपारी दुसरे गिऱ्हाईक उधारीला आले, तेव्हा वही त्यांच्या हाती होती. त्यांनीही नोंद केली आणि वाचून दाखवली.